पुस्तक मानायचं, पण पान न पान नाही

आपल्याकडचे ग्रंथांवरचे वाद मी आता मोबाइलवर बघतो. विषय दर पंधरवड्याला बदलतो, साचा तोच. कुणीतरी जुन्या ग्रंथातला एक श्लोक उचलतो, त्याभोवती लाल वर्तुळ काढतो आणि समोरच्याला विचारतो, ‘हे मान्य आहे का? हो की नाही एवढंच सांगा.’ ‘हो’ म्हटलं तर माणूस प्रतिगामी, ‘नाही’ म्हटलं तर धर्मबुडवा. गंमत म्हणजे ग्रंथाचे भक्त आणि ग्रंथाचे वैरी दोघेही हाच प्रश्न विचारतात. आगरकरांच्या काळापासून आपण दोन खाती पाडून ठेवली आहेत, एक ग्रंथप्रामाण्याचं आणि एक बुद्धिप्रामाण्याचं. मधे कुणी उभं राहिलं की त्याला कुंपणावरचा म्हणतात.

मी राहतो उत्तर जर्मनीत, लूथरन मुलखात, म्हणजे सोळाव्या शतकातला धर्मसुधारक मार्टिन लूथर याला मानणाऱ्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांत. मी ख्रिस्ती नाही, व्हायचा विचारही नाही. शेजारच्या आजींनी चर्चच्या बायबल अभ्यासाला ओढून नेलं ते माझं जर्मन सुधारावं म्हणून. (जर्मन यथातथाच सुधारलं. केक मात्र उत्तम असतो.) जात राहिलो, कारण ही माणसं त्या पुस्तकाला परम प्रमाण मानतात आणि तरीही त्याच्याशी भांडतात. हे मी आधी जवळून पाहिलेलं नव्हतं.

त्यांचं बायबल हातात घेतलं की पहिल्यांदा नजरेत भरतात ती ठळक अक्षरं. लूथरच्या भाषांतराच्या आवृत्त्यांत महत्त्वाची मानलेली वचनं जाड ठशात छापतात. म्हणजे सगळं शास्त्र पवित्र, पण सगळ्या ओळींचं वजन सारखं नाही, हे छापखान्यानेच सांगून टाकलेलं. मग अनुक्रमणिका बघा. आपल्या मराठी बायबलमध्ये इब्री लोकांस पत्र फिलेमोनाच्या पत्रानंतर येतं आणि त्याला लागून याकोबाचं. लूथरच्या बायबलमध्ये ही दोन्ही पत्रं पार मागे, यहूदाचं पत्र आणि प्रकटीकरण यांच्या शेजारी. १५२२ मध्ये नवा करार, म्हणजे बायबलचा ख्रिस्तापासूनचा भाग, छापताना लूथरने ही चार पुस्तकं शेवटी ढकलली आणि अनुक्रमणिकेत त्यांना क्रमांकच दिले नाहीत. त्याची कसोटी एकच होती: हे पुस्तक ख्रिस्ताकडे नेतं का? माणूस केवळ विश्वासाने नव्हे तर कृतींनीही नीतिमान ठरतो असं याकोब म्हणतो. माणूस विश्वासानेच नीतिमान ठरतो असं आद्य ख्रिस्ती प्रचारक पौल सांगतो, आणि लूथरला याकोबाचं म्हणणं त्याच्या विरुद्ध वाटलं, आणि प्रस्तावनेत त्याने त्याला सरळ ‘पेंढ्याचं पत्र’ म्हटलं. पण फाडून फेकलं नाही. छापलं, मागे ठेवलं. पाचशे वर्षं झाली, ते अजून तिथेच आहे आणि त्यावर प्रवचनंही होतात.

शास्त्राला प्रमाण मानून शास्त्रातल्याच एका पुस्तकाला असं बोलायचं, हे कसं जमतं? लूथरनांचं उत्तर साधारण असं असतं. बायबलमध्ये देव दोन तऱ्हांनी बोलतो. नियमशास्त्र माणसाला त्याची जागा दाखवतं, सुवार्ता त्याला उचलून घेते. कुठलं वचन कोणत्या तऱ्हेचं आहे हे ओळखणं म्हणजे वाचन. लूथरने जुन्या कराराला, म्हणजे बायबलच्या ख्रिस्तापूर्वीच्या भागाला, बाळ ख्रिस्त ज्यात ठेवला आहे ती गव्हाण आणि त्याला गुंडाळलेली दुपटी म्हटलं होतं. गव्हाण जपायची ती बाळासाठी. १५२५ मधल्या एका प्रवचनात तो आणखी पुढे गेला. एखादं वाक्य देवाचं वचन आहे का, एवढं विचारून भागत नाही, ते कुणाला उद्देशून आहे हेही विचारलं पाहिजे. दावीदला सांगितलेलं मला सांगितलेलं नाही. मोशेचा कायदा इस्राएलला होता, जसा सॅक्सनांचा कायदा सॅक्सनांना. त्यातलं जे निसर्गानेच सर्वांच्या मनात लिहिलेलं आहे ते आपण पाळतो, पण मोशेने सांगितलं म्हणून नाही.

हे प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगतो. एका संध्याकाळी करिंथकरांस पहिल्या पत्राचा चौदावा अध्याय निघाला, ‘स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे’ हे वचन जिथे आहे तो. आमच्या मंडळीच्या पाळक, म्हणजे धर्मगुरू, बाईच आहेत. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मिश्किलपणे त्यांच्याकडे बघितलं. त्या म्हणाल्या, ‘याच पत्राचा अकरावा अध्याय उघडा.’ तिथे स्त्रिया प्रार्थना करतात, संदेश देतात, हे पौल गृहीतच धरतो. वाद फक्त डोकं झाकण्याचा आहे. मग करिंथच्या मंडळीत नेमका काय गोंधळ चालला होता यावर अर्धा तास गेला. एका निवृत्त इंजिनिअरने फटकन सांगितलं, ‘पौल इथे चुकला.’ कुणी दचकलं नाही, पण कुणी मान्यही केलं नाही. बाई म्हणाल्या, चुकला म्हणण्याआधी तो काय म्हणतोय ते तरी नीट ऐकू या. ‘मान्य आहे का?’ हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही तर सोय झाली. नको ते वचन ‘आपल्याला उद्देशून नाही’ म्हणून बाजूला सारलं की संपलं. आक्षेप खरा आहे, आणि त्यावरचे लगामही खरे आहेत. प्रवचनाचा उतारा पाळकाने मनाने निवडायचा नसतो. इथे तो सहा वर्षांच्या ठरलेल्या चक्रातून येतो, त्यामुळे नावडती पानंही समोर येऊन उभी राहतात. पाळक दीक्षा घेतो तेव्हा त्याला बायबलबरोबर १५३० ची आउग्सबुर्गची कबुली (लूथरनांच्या श्रद्धेचा मूळ जाहीरनामा) आणि इतर कबुलीग्रंथांनाही बांधून घेतात, म्हणजे अर्थ लावण्याला परंपरेचं कुंपण असतं. पण ती परंपराही पुन्हा बायबलवरच तपासायची. वर्म्स शहरातल्या सम्राटाच्या दरबारात १५२१ मध्ये लूथरला आपलं लिखाण मागे घ्यायला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला होता की शास्त्रवचनांनी किंवा स्पष्ट युक्तिवादाने पटवून द्या, तरच माघार घेईन; पोप आणि धर्मपरिषदा चुकू शकतात.

तरी उत्तर एकच निघतं असं नाही. स्वीडनच्या लूथरन चर्चने १९५८ मध्ये स्त्रियांना पाळकपद खुलं केलं. जर्मनीतल्या शाउम्बुर्ग-लिप्पे या चिमुकल्या चर्चला त्यासाठी १९९१ उजाडावं लागलं. लाटव्हियाच्या लूथरन चर्चने २०१६ मध्ये उलट दिशेने जाऊन पाळकपद फक्त पुरुषांना असा नियमच केला. अमेरिकेतल्या मिसुरी सिनॉड या लूथरन चर्चमध्ये बायबल निर्दोष आहे म्हणजे नेमकं काय, यावरून १९७४ मध्ये सेंट लुइसच्या सेमिनरीतले (पाळक घडवणाऱ्या विद्यालयातले) बहुतेक प्राध्यापक आणि विद्यार्थी बाहेर पडले. पुस्तक तेच, कबुलीही तीच.

आणि खुद्द लूथरचा हिशेबही स्वच्छ नाही. मोशेविषयीचं ते मोकळं प्रवचन ज्या वर्षीचं, त्याच वर्षी जर्मनीतले शेतकरी उठले होते. मेमिंगेन गावात तयार झालेल्या बारा कलमांच्या मागणीपत्रात त्यांनी लिहिलं की ख्रिस्ताने सगळ्यांनाच सोडवलं, मग आम्ही कुळं कुणाची मालमत्ता कशी? आमचं एखादं कलम शास्त्राविरुद्ध आहे असं दाखवा, ते मागे घेऊ, असंही लिहिलं. म्हणजे वर्म्समध्ये लूथरने जे मागितलं तेच. लूथरने जमीनदारांनाही सुनावलं खरं, पण ही मुक्ती आत्म्याची आहे, जमिनीची नाही असं शेतकऱ्यांना सांगितलं आणि पुढे बंड चिरडण्याची भाषा केली. १५४३ मध्ये त्याने यहुद्यांविरुद्ध जे लिहिलं ते वाचवत नाही. गाभा सापडलेला माणूसही इतका आंधळा होऊ शकतो, हे इथले लोक आता लपवत नाहीत. जर्मन प्रोटेस्टंट चर्चच्या सिनॉडने (प्रतिनिधी सभेने) २०१५ मध्ये त्या लिखाणापासून जाहीरपणे फारकत घेतली.

असं आतून तोलणं आपल्याला परकं आहे असं मात्र मला वाटत नाही. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात ज्ञानदेव सांगतात की वेद संपन्न खरा, पण त्याच्यासारखा कृपण दुसरा नाही, कारण तो तीन वर्णांच्याच कानी लागला. गीता ती उणीव भरून काढायला आली. लूथरच्या सव्वादोनशे वर्षं आधीचं हे आहे. प्रमाण मानलेल्या ग्रंथाला कंजूष म्हणायचं आणि तेही भक्तीने! आपण मात्र ती ओवी पारायणात म्हणतो आणि वाद घालताना विसरतो.

तरीही महाराष्ट्रातल्या मित्रांना ‘लूथरनांसारखं वाचा’ असं सरसकट मी सांगणार नाही. इथला शेतकरी बायबल उघडून पाळक बाईंना चिमटा काढतो, कारण ते पुस्तक त्याच्या भाषेत त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली, ती जमलेल्यांना अर्थ लावता येत नव्हता म्हणून नाही. तो ग्रंथ त्यांना वाचायला कधी नव्हताच, तो त्यांच्यावर चालवायला होता. त्याच वर्षी तळ्याच्या पाण्याला हात लावला म्हणून मार खाल्लेल्यांना ‘गाभा शोधा’ असं सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही, मला तर नाहीच.

ज्यांच्या घरात पोथ्या होत्या आणि आजही आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. ‘तो श्लोक प्रक्षिप्त आहे’, ‘काळच तसा होता’ ही उत्तरं त्यांना फार स्वस्तात पडतात. कोणती ओळ ठळक धरता, कोणती मागे ठेवता आणि कुठल्या कसोटीवर, हे त्यांनी उघडपणे लिहून द्यावं. लूथरने निदान ते अनुक्रमणिकेत छापलं होतं, कुणालाही बोट ठेवून भांडता येईल असं.