भीतीने गप्प बसलेले पिल्लू माणसाळलेले नसते

सोलापुरात पक्षी पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर ‘सात दिवसांत पोपट माणसाळवा’ असा एक संदेश फिरत आहे. पिल्लू डोळे उघडण्यापूर्वीच आणून हाताने भरवावे, त्याचे पंख कापावेत, दोन दिवस उपाशी ठेवून मग केवळ आपल्याच हातून दाणा द्यावा, लवकर बोलावे म्हणून हिरवी मिरची खाऊ घालावी आणि ढोलीतून काढलेले गावठी पिल्लू घरी ठेवण्यास कायद्याची आडकाठी नाही, असे पाच सल्ले त्यात आहेत. पहिल्यांदाच पिल्लू आणणारी माणसे ते मनोभावे पाळतात, म्हणून त्यांतील प्रत्येकाचे उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला सल्ला सर्वांत घातक आहे. घरी पाळल्या जाणाऱ्या कॉकाटीलच्या, म्हणजे डोक्यावर तुरा असलेल्या लहान परदेशी पोपटाच्या, पिल्लाचे डोळे साधारण नवव्या-दहाव्या दिवशी उघडतात. त्या वयात त्याला अंगची ऊब स्वतः राखता येत नाही आणि दर काही तासांनी भरवावे लागते. पातळ खाद्य 43 अंशांच्या वर तापलेले असेल तर गळ्याजवळची अन्नपिशवी आतून भाजते, गार असेल तर ते तिथेच आंबते, आणि सिरिंज चालवण्यात किंचित चूक झाली तरी ते श्वासनलिकेत उतरून पिल्लू दगावते. हा धोका पत्करण्याची गरजही नाही, कारण आईबापांनी वाढवलेल्या पिल्लांनाही माणसाचा लळा लागतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ॲमेझॉन पोपटांची पिल्ले घरट्यातच आईबापांकडे ठेवून नियमितपणे थोडा वेळ हाताळली होती, आणि ती न हाताळलेल्या पिल्लांपेक्षा स्पष्टपणे अधिक माणसाळलेली निघाली. त्यामुळे स्वतः दाणा फोडून खाऊ लागलेले, म्हणजे कॉकाटील असल्यास सुमारे आठ ते दहा आठवड्यांचे पिल्लूच आणावे, आणि ते पोटभर खाताना आपल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय घेऊ नये.

पंख कापलेला पक्षी हातावर बसून राहतो, हे खरे आहे. परंतु त्याला जायला दुसरी जागाच उरलेली नसते, आणि आपण त्यालाच विश्वास समजतो. उडायला शिकण्याच्या वयात पंख कापले तर पिल्लू फरशीवर आदळून छातीचे हाड दुखावून घेते. त्याऐवजी खोलीतला छताचा पंखा बंद करावा, खिडक्यांना जाळी लावावी आणि आरसा झाकावा.

उपाशी ठेवण्याचा सल्ला मला सर्वाधिक अस्वस्थ करतो. कॉकाटीलचे वजन जेमतेम 80 ते 100 ग्रॅम असते, आणि एवढ्या लहान जिवाला दोन दिवसांची उपासमार प्राणघातक ठरू शकते. आमचे पिल्लू डिसेंबरात घरी आले. शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट सुरू झाला की ते तुरा डोक्याला चिकटवून फिसकारत असे. पहिले पाच दिवस मी पिंजऱ्याला हात लावला नाही. केवळ हातभर अंतरावर बसून हळू आवाजात वर्तमानपत्र वाचत असे. वाटीत दाणापाणी नेहमीप्रमाणे भरलेले असे, आणि राळ्याचे कणीस मात्र फक्त माझ्या हातून मिळे. सुरुवातीला मी कणसाचे टोक धरी आणि रोज बोटे थोडी पुढे सरकवी. बाराव्या दिवशी त्याने एक पाय माझ्या बोटावर टेकवून दाणे टिपले. पुढे गड्ड्याच्या यात्रेतील शोभेच्या दारूकामाच्या रात्री ते अंधारात पिंजऱ्यावर धडका घेत राहिले आणि सकाळी तळाच्या कागदावर मुळाशी रक्त लागलेली दोन पिसे पडलेली होती. त्यानंतर चार दिवस ते माझ्या जवळ आले नाही. मी पिंजऱ्याच्या तीन बाजू कापडाने झाकल्या, रात्री मंद दिवा ठेवला आणि कणीस पुन्हा टोकापासून धरायला सुरुवात केली. फेब्रुवारीच्या अखेरीस दार उघडे असताना ते आपणहून माझ्या खांद्यावर येऊन बसले. तुरा अर्धवट उभा होता आणि चोचीचा बारीक करकर आवाज येत होता. निवांत झालेला कॉकाटील असाच चोच घासतो. या सगळ्याला अडीच महिने लागले.

मिरचीने पोपट बोलत नाही. मिरचीतला तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही, त्यामुळे ती खायला दिल्यास अपाय नाही, पण वाचेशी तिचा संबंधही नाही. पोपट ऐकून शिकतो, आणि कॉकाटीलची मादी तर सहसा बोलतच नाही.

शेवटचा दावा सरळ खोटा आहे. आपल्याकडचे सर्व देशी पोपट वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये संरक्षित आहेत, आणि गळ्याभोवती कंठ असलेला आपला राघूही त्यांत येतो. त्याला पकडणे आणि विकणे जसा गुन्हा आहे, तसाच घरी ठेवणे हाही गुन्हा आहे. कॉकाटील किंवा बजरीगर हे परदेशी पक्षी पाळता येतात. ढोलीतले पिल्लू ज्यांच्या घरी आधीच आले असेल, त्यांनी ते परस्पर झाडावर सोडू नये, कारण हातावर वाढलेल्या पिल्लाला अन्न शोधता येत नाही आणि मांजर किंवा घार त्याला सहज गाठते. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवून ते त्यांच्या स्वाधीन करावे, आणि ते नेले जाईपर्यंत पत्र्याच्या तापत्या खोलीत न ठेवता सावलीत, हवेशीर खोक्यात ठेवावे.