मैना गेली म्हणून पैसे परत हवेत

काल रात्री मैनाला पुरून घरी आले, हातांची माती अजून धुवायची होती, तेवढ्यात तिच्या उपचारांसाठी माझ्या आवाहनावरून पैसे दिलेल्या एका गृहस्थांचा मोबाइलवर निरोप आला: "कुत्री वाचली नाही असे समजले. उपचार पूर्ण न झाल्याने मी दिलेली रक्कम परत करावी, ही विनंती." त्याखाली बँक खात्याचा क्रमांक होता. तिला नेमके काय झाले, शेवटी तिला त्रास झाला का, याची साधी चौकशीही नव्हती. तो निरोप मी चार वेळा वाचला आणि आज दुपार उलटली तरी माझा संताप ओसरलेला नाही.

उपचार पूर्ण झाले नाहीत, असे हा माणूस कोणत्या तोंडाने म्हणतो? मैनाला आणले तेव्हा तिच्या गळ्यात ती पिल्लू असताना बांधलेला पट्टा होता. ती वाढत गेली, पट्टा तेवढाच राहिला, आणि तो मांसात इतका रुतला की काही ठिकाणी त्याच्यावरून नवी कातडी चढू लागली होती. जखमेत अळ्या होत्या. पट्टा कापून काढायला भूल द्यावी लागणार होती, पण भूल सोसण्याइतके रक्त तिच्या अंगात नव्हते. निरोगी कुत्र्याच्या रक्तात तांबड्या पेशींचा वाटा साधारण ३७ ते ५५ टक्के असतो, तिचा १४ टक्के भरला. अंगभर गोचिडे होती आणि गोचीडतापाने रक्त गोठवणाऱ्या पेशीही खाली आणल्या होत्या, म्हणजे कापले तर रक्तस्राव थांबेल याची खात्री नव्हती. म्हणून आधी रक्तदात्या कुत्र्याचा शोध, मग रक्ताची जुळणी, मग संथपणे रक्त चढवणे, आणि त्यानंतर शस्त्रक्रिया. या प्रत्येक पायरीला पैसे लागतात आणि ते पुढे काय होणार हे कळण्याआधीच भरावे लागतात.

तिला पोटभर खाऊसुद्धा घालता येत नव्हते. अनेक आठवडे उपाशी राहिलेल्या कुत्र्यापुढे एकदम भरलेले भांडे ठेवले, तर रक्तातील फॉस्फेट झपाट्याने उतरते आणि हृदय बंद पडून ते कुत्रे काही दिवसांत मरू शकते. त्यामुळे दर काही तासांनी मोजून चार घास आणि पुन्हा पुन्हा रक्ततपासणी, असे नऊ दिवस चालले. पाचव्या दिवशी तिने पहिल्यांदा शेपटी हलवली, तेव्हा रात्रपाळीच्या मदतनिसाने मला मुद्दाम फोन करून सांगितले. आठव्या दिवशी तिच्या मूत्रपिंडांनी काम सोडले. नवव्या दिवशी पुन्हा रक्त चढवले, आणि ती पिशवी संपण्याआधी ती गेली.

जे कुत्रे वाचत नाही, त्याचा खर्च अनेकदा वाचलेल्या कुत्र्याहून जास्त होतो, कारण शेवटच्या दिवसांत पशुवैद्य काहीही करायचे बाकी ठेवत नाहीत. मदत मागताना मी स्पष्ट लिहिले होते की ती जगेलच असे कोणी सांगू शकत नाही. तरीही या गृहस्थांनी ती रक्कम जणू जिवंत कुत्र्याची आगाऊ किंमत म्हणून मोजली होती, आणि माल मिळाला नाही म्हणून आता ते परतावा मागत आहेत.

आणि हे एकटेच तसे नाहीत, म्हणून तर अधिक चीड येते. रक्ताळलेला फोटो टाकला की पहिल्या रात्री निम्मी रक्कम उभी राहते, तिसऱ्या आठवड्यात त्याच कुत्र्याच्या औषधांसाठी हात पसरला की "अजून बरा झाला नाही का?" असे विचारले जाते. नाही झाला! गोचीडतापाचे औषध २८ दिवस द्यावे लागते आणि ते मध्येच थांबवले तर रोग पुन्हा डोके वर काढतो. मागच्या वर्षी एका म्हाताऱ्या कुत्र्याच्या मोडलेल्या पायासाठी पैसे जमवले आणि तपासणीत हृदयात जंत निघाले, तेव्हा दुसऱ्यांदा आवाहन केल्यावर मला चक्क लबाड ठरवण्यात आले. हे जंत डासांमार्फत येतात आणि पूर्ण वाढायला सुमारे सहा महिने घेतात. महिन्यातून एकदा द्यायच्या औषधाने ते टळतात, पण ज्याने त्याला वर्षानुवर्षे साखळीला बांधून ठेवले, त्याने ते कधी दिले नव्हते. झालेल्या जंतांवर मात्र तीन इंजेक्शने लागतात, पहिल्यानंतर महिनाभराने उरलेली दोन लागोपाठच्या दिवशी, आणि मेलेले जंत फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत अडकू नयेत म्हणून कित्येक आठवडे कुत्र्याला पळूही द्यायचे नाही. पहिल्या दिवशी फक्त मोडलेला पाय दिसला, हा माझा अपराध कसा?

"मी बघतो काय करायचे ते" म्हणून नंतर फोन न उचलणाऱ्यांबद्दल मी बोलणे सोडून दिले आहे. पण मरायला टेकलेले कुत्रे दवाखान्याच्या दारात सोडून "आता तुम्ही आहातच" म्हणत निघून जाणारे, आणि उपचारानंतर केस चमकू लागले की "तो आमचाच आहे" म्हणत परत मागायला येणारे जुने मालक, यांना मी कधीही माफ करणार नाही. डॉक्टरांनी फुकट करावे असे सांगणाऱ्यांचाही मला तितकाच राग येतो. आमचे डॉक्टर स्वतःची फी कित्येकदा घेत नाहीत. पण सलाईन, भुलीचे औषध आणि प्रयोगशाळेचे शुल्क त्यांनी कुठून आणायचे?

हिशेब मागणाऱ्यांवर माझा राग नाही. हिशेब मागावाच, कारण खोटे फोटो दाखवून पैसे लुबाडणारेही आहेत आणि त्यांच्यामुळे आमचा प्रत्येक शब्द संशयाने वाचला जातो. मी बिल नेहमी दवाखान्याच्या नावासह दाखवते आणि शक्य असेल तिथे पैसे थेट दवाखान्याकडेच भरायला सांगते. याच गृहस्थांनीही ते थेट तिथेच भरले होते, आणि दुसऱ्याच दिवशी ते मैनाच्या रक्तासाठी खर्च झाले.

आज सकाळी मी त्यांना सगळ्या पावत्यांच्या प्रती पाठवल्या आणि रक्कम परत मिळणार नाही असे कळवले. त्यांचे उत्तर आलेले नाही. मैनाच्या बिलातले शेवटचे दोन दिवस अजून फेडायचे आहेत, त्यासाठी संध्याकाळी मी पुन्हा आवाहन लिहायला बसणार आहे, आणि ती गेली आहे हे पहिल्याच ओळीत लिहिणार आहे.