पोकलेनचा प्रेशर सेन्सर: फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

मुंबईतल्या पोकलेन मालक-ऑपरेटरांमध्ये एक मेसेज फिरतो आहे: जुन्या मशीनच्या डिस्प्लेवर हायड्रॉलिक प्रेशर सेन्सरचा (तेलाचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा) बिघाडाचा कोड आला की सेन्सर गेला, थेट नवा टाका. हे चुकीचं आहे. त्या सर्किटमधून कंट्रोलरला (मशीनच्या कॉम्प्युटरला) अपेक्षित व्होल्टेज मिळत नाही, इतकंच कोड सांगतो. दोष वायरिंगमध्येही असू शकतो.

आपल्याकडे तर पहिला संशय कनेक्टरवर घ्यावा. नालेसफाईत, खाडीकिनारी राबलेल्या मशीनच्या पिनांवर हिरवा गंज चढतो आणि पावसाळ्यात कोड येतो-जातो. बऱ्याच मशीनवर सेन्सरला तीन वायरी असतात: ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थिंग आणि सिग्नल. इंजिन बंद, दाब उतरवलेला आणि चावी चालू असताना सिग्नल साधारण ०.५ व्होल्ट हवा (आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, मॅन्युअल पाहाच). पुरवठाच येत नसेल तर नवा सेन्सर टाकूनही कोड जाणार नाही. एकाच ५ व्होल्ट पुरवठ्याच्या लाइनवरचा एक सेन्सर शॉर्ट झाला तर बाकीच्यांचेही कोड येतात. एकेक कनेक्टर काढत गेलं की दोषी सापडतो.

खरा निकाल टेस्ट पोर्टवर (दाब मोजण्यासाठी दिलेल्या जोडणीवर) लावलेला गेज, म्हणजे दाबमापक, देतो. गेजही दाब कमीच दाखवत असेल तर सेन्सर खरं सांगतोय. मग पंप आणि रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारा) तपासा. जुनं मशीन घेताना ही तपासणी तेल गरम झाल्यावरच करून घ्या. आणि कृपा करून, सेन्सर खोलण्याआधी दाब पूर्ण उतरवा. ३०० बारच्या पुढच्या दाबाचं तेल कातडीतून आत घुसतं, हात गमवावा लागू शकतो.