ल्युब्लियाना पाहून आल्यावर लक्ष्मी रस्त्याविषयी

पुणे महापालिकेने २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा करायला सुरुवात केली आणि त्यासाठी लक्ष्मी रस्त्याचा एक टप्पा त्या दिवसापुरता गाड्यांना बंद केला. तो दिवस जवळ आला की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर ठरलेला वाद पेटतो. एका बाजूचे म्हणणे असे, की युरोपात जाऊन पाहा, तिथे गावाच्या मध्यभागी गाडीच येऊ देत नाहीत. दुसरी बाजू म्हणते, की तिथली वस्ती केवढीशी, तिथली शिस्त कुठे आणि आपली कुठे. इथे दुकानदारांचे दिवाळे निघेल आणि म्हाताऱ्या माणसांनी काय रांगत यायचे? मी ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये राहत असल्यामुळे दोन्ही पक्ष मला साक्षीला ओढतात. गेल्या उन्हाळ्यात सदाशिव पेठेतली मावशी आमच्याकडे आली होती, तेव्हा तिला घेऊन सीमेपलीकडची स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियाना पाहायला गेलो. तेव्हापासून माझी साक्ष दोघांनाही गैरसोयीची झाली आहे.

जेमतेम तीन लाख वस्तीचे हे शहर एका दिवसात पाहून होते, आणि तेही बहुतांश पायी. टेकडीवरच्या किल्ल्यावर जायला दोरखंडाने ओढली जाणारी छोटी रेल्वे आहे, खाली ल्युब्लियानित्सा नदीच्या दोन्ही काठांना बाजार आणि कॅफे आहेत, आणि चारही कोपऱ्यांत ड्रॅगन बसवलेला १९०१ सालचा पूल आहे, ज्याच्यासमोर फोटो काढल्याशिवाय कोणी परतत नाही. मला मात्र सर्वांत जास्त वेळ थांबावेसे वाटले ते त्रोमोस्तोव्ये या तिहेरी पुलावर. इथे १८४२ सालचा एक दगडी पूल होता आणि तो रहदारीला अपुरा पडू लागला होता. वास्तुविशारद योझे प्लेचनिक यांनी तो न पाडता दोन्ही अंगांना पायी चालणाऱ्यांसाठी एकेक स्वतंत्र पूल जोडला, आणि १९३२ मध्ये हे काम पुरे झाले. रहदारी वाढली म्हणून पदपथ कापून रस्ता रुंद करायचा, ही आपल्या अंगवळणी पडलेली रीत. इथे मात्र रहदारी वाढली म्हणून चालणाऱ्याला वेगळी वाट मिळाली होती. आज तिन्ही पुलांवरून माणसेच चालतात.

पण म्हणून हे शहर पहिल्यापासून असेच होते, असे मुळीच नाही. काँग्रेस चौक (१८२१ मध्ये युरोपातल्या राजेरजवाड्यांची परिषद इथे भरली होती, म्हणून हे नाव, आपल्याकडच्या काँग्रेस पक्षाशी त्याचा संबंध नाही) कित्येक दशके निव्वळ गाड्या लावण्याचे मैदान होता. मध्यवर्ती भागातून गाड्या हटवायला खरी सुरुवात झाली ती २००७ मध्ये. त्या वेळचे महापौर झोरान यान्कोविच हे आधी एका मोठ्या दुकानसाखळीचे प्रमुख होते, म्हणजे गिऱ्हाईक कशाने येते आणि कशाने तुटते हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. विरोध तिथेही झालाच. त्यामुळे ‘त्यांची शिस्तच वेगळी’ हा युक्तिवाद मला पटत नाही. गाडीबंदी असलेल्या रस्त्यांच्या तोंडाशी जमिनीतून वर येणारे आणि परवानगी असलेल्या गाडीसाठी खाली जाणारे खांब आहेत, आणि दुकानांचा माल सकाळच्या ठरावीक तासांतच उतरवावा लागतो. ज्या शिस्तीचे आपण गोडवे गातो, तिच्यातला मोठा वाटा या खांबांचा आहे.

म्हाताऱ्यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून तिथे कावालिर नावाच्या विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या आहेत. त्या चालणाऱ्यांच्या गर्दीतून सावकाश फिरतात, हात केला की थांबतात आणि पैसे घेत नाहीत. मावशीचे गुडघे दुखत असल्यामुळे बाजारापाशी आम्ही हात केला. आत आधीच एक वृद्ध बाई भाजीच्या दोन पिशव्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी पिशव्या पायाशी घेतल्या, मावशीला जागा करून दिली, आणि पुढच्या कोपऱ्यावर त्यांच्या दारासमोर चालकाने त्यांना उतरवले. मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘हे आपल्याकडे असतं तर मी तुळशीबागेत जायचं सोडलं नसतं.’’ गाडीबंदीच्या विरोधात दर वर्षी सर्वांत लांबलचक संदेश तिचाच असतो, हे इथे सांगायला हवे.

हे सगळे एका रात्रीत झाले नाही, आणि निव्वळ बंदीने तर नाहीच. काँग्रेस चौक खोदून त्याच्याखाली वाहनतळ बांधला गेला, खोदताना एमोना या रोमन वसाहतीचे अवशेषही सापडले, आणि २०११ मध्ये तो चौक माणसांसाठी मोकळा झाला. स्लोव्हेन्स्का हा मुख्य हमरस्ता त्यानंतर काही वर्षांनी मधल्या टप्प्यात खासगी गाड्यांना बंद करून बसगाड्यांना दिला गेला. हा क्रम आमच्या गटावरचे युरोपभक्त कधीच सांगत नाहीत.

त्यांना न आवडणारी आणखी एक गोष्ट आहे. नदीकाठच्या त्या सुंदर गल्ल्यांत खिळे, सुतळी किंवा बादली मिळेल असे दुकान मला शोधूनही दिसले नाही. आइस्क्रीम, ड्रॅगनची खेळणी आणि कॅफे मात्र ओळीने होते. रोजच्या खरेदीसाठी बरेच लोक शहराच्या कडेच्या मोठ्या व्यापारी संकुलांकडे गाडीने जातात. मध्यभागातली गाडी गेली, पण स्लोव्हेनियातली गाडी गेलेली नाही. लक्ष्मी रस्ता आणि त्याच्या आजूबाजूच्या पेठा अजून राहत्या आहेत. तिथे लग्नाचा शालू मिळतो तशी मिक्सरची वायसरही मिळते. ल्युब्लियानाची हुबेहूब नक्कल करून ते घालवायचे असेल, तर मी विरोधकांच्या बाजूने बसेन.

गाडीविना गाव ही कल्पना आपल्याला परकी नाही, हेही खरे. माथेरानमध्ये मोटारींना मुळातच मज्जाव आहे. पण तिथे माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षा चालत राहिल्या, आणि त्या सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षा आणाव्यात असे सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट २०२५ मध्ये सांगावे लागले. गाडी नको असे ठरवल्यावर वृद्धांचे, आजाऱ्यांचे आणि ओझ्याचे काय करायचे, हे न ठरवता सोडले की त्याचा भार असा कोणाच्या तरी खांद्यावर जातो.

पुण्यात तर अर्धी तयारी आपोआप झाली आहे. मंडईचे भुयारी मेट्रो स्थानक सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाले आणि तिथून लक्ष्मी रस्ता चालत गाठता येतो. पीएमपी या शहर बससेवेने २०२१ मध्ये पेठांसाठी ‘पुण्यदशम’ या लहान बस काढल्या होत्या, दहा रुपयांत दिवसभर फिरा अशा. म्हणजे कावालिरसारखी कल्पनाही आपल्याकडे नवी नाही. उरते ते मालाच्या टेम्पोंना सकाळच्या वेळा बांधून देणे, पेठेतल्या रहिवाशांना पास देणे, स्वच्छतागृहे आणि बसायला बाक, आणि हे सगळे रविवार, सणवार न पाहता रोज राबवणारा माणूस चौकात उभा करणे. ११ डिसेंबरला रांगोळ्या आणि पथनाट्ये होतात, त्याला माझी हरकत नाही. पण १२ डिसेंबरला सकाळी त्याच जागी दुचाक्या पुन्हा दुहेरी ओळीत लागतात, त्यांच्याबद्दल महापालिका काय करणार आहे, हे तिने अजून सांगितलेले नाही, आणि आमच्या गटावरही तो प्रश्न कोणी विचारत नाही.