पडद्यावर ऊन, कागदावर तिन्हीसांज

स्वतःचे फोटो स्वतः छापायची हौस असली की हा प्रसंग हमखास येतो. प्रिंटरच्या पोटातून चकचकीत कागद सावकाश बाहेर सरकतो, आणि पडद्यावर भर दुपारच्या उन्हात उभं असलेलं झाड कागदावर तिन्हीसांजेला उभं असतं. मग आम्ही प्रिंटरला बोल लावतो, शाईला लावतो, कागदाला लावतो. मॉनिटरला कोणी काही बोलत नाही, कारण तो दिसायला छान असतो.

खरा चोर तोच. नवा मॉनिटर बहुधा २५० ते ३०० कॅन्डेला प्रति चौरस मीटर (हे पडद्याच्या उजेडाचं माप) इतका झगझगत येतो. कागद बिचारा खोलीतल्या दिव्याच्या उसनवारीवर जगणारा. छपाईच्या कामाला पडदा ८० ते १२० कॅन्डेलावर हवा. त्या झगमगाटात बसून आपण फोटो ‘जरा जास्तच उजळ झालाय’ म्हणत गडद करत नेतो, आणि तो काळवंडलेलाच छापला जातो. प्रिंटरने आज्ञा पाळलेली असते, एवढाच त्याचा गुन्हा.

हे कळलं की माणूस कॅलिब्रेशनचं, म्हणजे पडद्याचे रंग आणि उजेड मोजून ठरल्या मापावर आणायचं, यंत्र घ्यायला निघतो आणि आगीतून फुफाट्यात पडतो. यंत्रांची घराणी दोन. कलरिमीटर रंगीत फिल्टरांतून प्रकाश बघतो. चपळ असतो आणि गडद छटांतही नीट वाचतो. स्पेक्ट्रोफोटोमीटर प्रकाशाचे तरंगलांबीनुसार तुकडे पाडून हिशेब मांडतो. तो महाग, मापनाआधी स्वतःला छोट्या पांढऱ्या चकतीवर तपासून घेणारा, आणि काळ्याच्या जवळ गेला की चाचपडणारा. पण कागदावरची शाई त्यालाच वाचता येते. ते कलरिमीटरचं काम नव्हे.

तेव्हा निवड करताना स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: मला कागदाचं प्रोफाइल, म्हणजे त्या कागदावर त्या शाईचे रंग कसे उमटतात याची नोंद-फाइल, स्वतः बनवायचंय का? कागदाच्या कंपनीने तुमच्या प्रिंटरसाठी अशी तयार फाइल (तिलाच आयसीसी प्रोफाइल म्हणतात) दिलेली असेल आणि शाई मूळचीच असेल, तर कलरिमीटर पुरे. कुठलाही कागद आणि कुठलीही शाई यांचं लग्न लावायची सवय असेल, तर स्पेक्ट्रोफोटोमीटरला पर्याय नाही. माझ्या मते दहातल्या नऊ जणांचं काम कलरिमीटरवर भागतं. दहावा हे वाचण्याऐवजी प्रोफाइलसाठी छापलेल्या रंगचौकटी मोजत बसलेला असतो.

कलरिमीटरची एक खोड मात्र आहे. समोरच्या पडद्याचा उजेड कशातून येतो हे त्याला सांगावं लागतं: साधा पांढरा एलईडी, जास्त रंग दाखवणारा वाइड गॅमट एलईडी, ओलेड की जुना सीसीएफएल (बारीक ट्यूबलाइटच ती). सॉफ्टवेअरमधल्या त्या यादीत चुकीचं नाव निवडलं, तर पांढरा रंग गुलाबीकडे किंवा हिरव्याकडे झुकतो. आणि गंमत पुढे आहे. तपासणीचा अहवाल तरीही डेल्टा ई (रंगातल्या चुकीचं माप, जितकं कमी तितकं बरं) एकच्या आत दाखवतो, कारण पेपर काढणारा आणि तपासणारा एकच. म्हणून नवं यंत्र घेताना आपल्या पडद्याच्या प्रकारासाठी मोजमापाची दुरुस्ती त्यात आहे का, हे आधी बघावं. आय-वन डिस्प्ले प्रोच्या वंशातली यंत्रं, जी आता कॅलिब्राइट या नावाने येतात, आपल्या फिल्टरांची संवेदनशीलता पोटातच साठवून ठेवतात. त्यामुळे नव्या पडद्यासाठी नवी दुरुस्ती-फाइल चढवता येते. आर्गिलसीएमएस हे मोफत सॉफ्टवेअरही ती वापरतं. वापरलेलं जुनं यंत्र स्वस्तात मिळतंय म्हणून हुरळू नये. जुन्या काही मॉडेलांचे फिल्टर वयाबरोबर विटतात आणि यंत्र ठाम आवाजात चुकीचं बोलू लागतं.

यंत्र आलं की पडदा आधी अर्धा तास तापू द्या. नाइट मोड, आपोआप बदलणारा ब्राइटनेस, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, एचडीआर, सगळ्यांची तोंडं बंद. मॉनिटर थोडा मागे कलवा, वायरवरचं वजन पाठीमागे सोडा आणि यंत्र काचेवर अगदी सपाट टेकवा. कडेने नखाएवढी जरी फट राहिली, तरी खोलीतला दिवा आत शिरतो आणि काळा रंग करडा मोजला जातो. यंत्राच्या डोळ्यावरचं पांढरं झाकण बाजूला करायला विसरणारे तर पुष्कळ.

लक्ष्य ठेवा डी६५ (पांढऱ्याची छटा), गॅमा २.२ (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची चढण) आणि १०० कॅन्डेला. आधी मॉनिटरच्याच बटणांनी उजेड उतरवा, मग लाल-हिरवा-निळा यांतला जो चढेल त्याला खाली आणा. हे काम मॉनिटरवर न करता सगळं ग्राफिक्स कार्डावर ढकललं, तर निळ्या आकाशातल्या सलग छटेत पायऱ्या दिसायला लागतात. लॅपटॉपवर ही तीन बटणं बहुधा नसतातच. तिथे उजेड कमी करायचा आणि पुढचं निमूट सोसायचं.

सगळं झाल्यावर पडदा पिवळट, आजारी वाटतो. दोन दिवस थांबा, डोळे मुकाट्याने ऐकतात.

छापताना रंगाचा कारभार एकाकडेच द्या. फोटोच्या सॉफ्टवेअरला कागदाचं प्रोफाइल दिलंत, तर प्रिंटर ड्रायव्हरमधला रंग-कारभार बंद करा. नाहीतर दोन शिंप्यांनी एकच बाही कापावी तसं होतं आणि चेहरे जांभळट निघतात. मॅट कागदावर काळा रंग पडद्याइतका खोल कधीच जात नाही. तो धक्का सॉफ्ट प्रूफिंग लावून, म्हणजे कागदावर कसं दिसेल ते पडद्यावरच पाहून, आधीच खाऊन घ्यावा.

राहिला उजेडाचा आकडा. १०० हा काही शिलालेख नव्हे. ज्या दिव्याखाली प्रिंट बघणार, त्याच दिव्याखाली कोरा कागद पडद्याशेजारी धरा आणि पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा. कागद मळकट दिसला तर पडदा अजून चढा आहे. बटण दाबून उतरवा, आणि यंत्र पुन्हा काचेवर लटकवा. मोजणी पहिल्यापासून. अर्धा तास तापवणं तेवढं वाचलं.