सायकल फेरी वर्षातनं एकदाच का?

हॉलंडमध्ये शिकवायला होते तेव्हा रोज सायकलनं शाळेला जायचे, असं सांगितलं की बेळगावात दोन तऱ्हेची माणसं भेटतात. पहिली विचारतात, "का गं, गाडी नव्हती काय?" दुसरी मान डोलवून म्हणतात, "त्या लोकांचं कल्चरच वेगळं बघ." पहिल्यांना मी हसून सोडून देते. ही पोस्ट दुसऱ्यांसाठी आहे. लांब आहे, चहा घेऊन बसा.

नवऱ्याच्या नोकरीमुळं आम्ही आइंडहोवनला गेलो आणि मला तिथल्या एका इंटरनॅशनल शाळेत गणित शिकवायचं काम मिळालं. आमचे अण्णा जन्मभर सायकलनं उद्यमबागला फौंड्रीत गेले, मी टिळकवाडीच्या गल्ल्यांत हाफ पायडल शिकले. त्यामुळं सायकलचं काही टेन्शन नव्हतं. जुन्या बाजारातनं एक सायकल घेतली. उंच, काळी, म्हशीसारखी जड, आणि हँडलला ब्रेकच नाही. ब्रेक पायात! पायडल उलटं दाबलं की मागचं चाक थांबतं. आपल्याला सवय काय, सिग्नलला उभं राहिलं की पायडल उलटं फिरवून पाय ठेवायला वर आणायचं. तिथं ते फिरतच नाही. आणि थांबायची वेळ आली की बोटं आपोआप हँडलवर ब्रेक चाचपायला लागतात. अशी चाचपता चाचपता मी थेट एका म्हातारबाबांच्या कुंपणात घुसले. ते बाहेर आले, आधी झुडूप नीट बघितलं, मग मला बघितलं.

त्यात आणि सगळी वाहतूक उजवीकडनं. आइंडहोवन आणि फेल्डहोवनच्या मध्ये मोठ्या चौकावर सायकलींसाठी हवेत लोंबकळणारा एक गोल पूल आहे, होवनरिंग म्हणतात त्याला. मध्ये ७० मीटर उंच खांब आणि त्याला तारांनी टांगलेलं ७२ मीटर व्यासाचं कडं. २०१२ पासून वापरात आहे, जगभरातनं लोक फोटो काढायला येतात. त्या पुलावर पहिल्यांदा चढले आणि आपल्या गोगटे सर्कलला वळतो तशी मुकाट डावीकडं वळले. समोरनं सायकलींची अख्खी रांग अंगावर! पुढं एक आजी, इलेक्ट्रिक सायकलवर, घंटी वाजवत. मी कठड्याला चिकटून उभी राहिले, तर माझ्याच वर्गातली दोन पोरं बाजूनं "गुड मॉर्निंग मिस" म्हणत गेली. त्या दिवशी वर्गात घड्याळाच्या काट्याची दिशा आणि उलट दिशा यावर फार प्रेमानं प्रश्न विचारले गेले.

खरं त्या पुलाची मला पटलेली गोष्ट दुसरीच. सायकलवाल्यांना चढ फार होऊ नये म्हणून त्यांनी खालचा मोटारींचा रस्ता खोल नेला. म्हणजे त्रास कुणी सोसायचा, तर ज्याच्याकडं इंजिन आहे त्यानं. आपल्याकडं कपिलेश्वर ब्रिजला सकाळी उभं राहून बघा. दोन्हीकडं कॅन लावलेला दूधवाला उतरून सायकल ढकलत असतो आणि मागनं टेम्पोवाला हॉर्न देत असतो.

पावसाचं आणि वाऱ्याचं सांगत बसत नाही. जाताना वारा समोरनं, येताना पण समोरनं, एवढंच. पावसाळी पँट घालायचा आळस केला की पायथागोरसचा सिद्धांत ओल्या सलवारीत शिकवावा लागतो. थंडीत विटांच्या रस्त्यावर गोठलेल्या पानांवरनं घसरले आणि कोपर महिनाभर निळं होतं. एक खरं सांगते, ओढणी कधी साखळीत गेली नाही. साखळीला पूर्ण डबा आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी कपड्याची जाळी, हे तिथं साध्या सायकलला पण असतं. मात्र त्याच डब्यामुळं मागचं चाक काढणं म्हणजे दिव्य. पंक्चर झालं की चाक न काढताच टायरची एक कड पान्यानं उचलायची, ट्यूब बाजूनं बाहेर ओढायची, थुंकी लावून भोक शोधायचं, पॉलिश पेपरनं घासायचं, सोल्यूशन लावून ते सुकेपर्यंत गप्प बसायचं. हे शेवटचं महत्त्वाचं. शहापूरच्या पंक्चरवाल्या मामांकडं लहानपणी तासन् तास बघत बसल्याचं सार्थक झालं. शाळेच्या गेटपाशी ट्यूब बाहेर काढून बसले तेव्हा पोरं पहिल्यांदा मला आदरानं बघत होती.

आता मुद्द्याचं. एकदा एका मोटारीनं वळताना मला घासलं. पडले, फार लागलं नाही. मोटारवाला उतरला तो पांढराफटक. मला वाटलं, आता आपल्यावरच ओरडणार, "बघून चालवता येत नाही काय?" तो तर माझी सायकल सरळ करत माफी मागत होता. स्टाफरूममध्ये कळलं की तिथला कायदाच तसा आहे. मोटार आणि सायकल धडकली तर भरपाईची किमान निम्मी जबाबदारी मोटारवाल्याची, सायकलवाल्याची चूक असली तरी. चौदा वर्षांखालचं मूल असेल तर बहुतेक वेळा पूर्णच. तो माणूस स्वभावानं चांगला असेलही, मला त्याचा स्वभाव माहीत नाही. कायदा माहीत आहे.

आणि हे काही आकाशातनं पडलं नाही. आमच्या शाळेत भूगोलाचे एक जुने सर होते, त्यांनी सांगितलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथं पण पैसा आला, मोटारी आल्या, रस्ते रुंद झाले आणि सायकली कडेला गेल्या. १९७१ साली त्या एवढ्याशा देशात रस्त्यावर तीन हजारांच्या वर माणसं मेली, त्यात चारशेच्या वर मुलं. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. चळवळीचं नावच होतं 'स्टॉप द किंडरमोर्ड', मुलांचे खून थांबवा. लोक सायकली आडव्या टाकून रस्त्यात झोपायचे. हे सर तेव्हा लहान होते, आईनं त्यांना पण शेजारी झोपवलं होतं. त्यांना आठवतं ते एवढंच की रस्ता गार होता आणि भूक लागली होती. १९७३ च्या तेलसंकटात रविवारी मोटारी बंद झाल्या, त्यानं आणखी जोर आला. लाल डांबराचे सायकलरस्ते त्यानंतर वर्षानुवर्षं मागून, भांडून मिळालेले. याला कल्चर म्हणायचं असेल तर म्हणा, खरं ते मागून घेतलेलं कल्चर आहे.

आणि रस्त्यावर उतरणं आम्हा बेळगावकरांना कुणी शिकवायला पाहिजे काय? दर एक नोव्हेंबरला, काळ्या दिनाला, काळे कपडे घालून, दंडाला काळ्या फिती बांधून आपण सायकल फेरी काढतो. संभाजी उद्यानापासनं निघतो, गल्ली गल्लीतनं माणसं मिळत जातात, मराठा मंदिरला सभा होते. माळ्यावरची सायकल उतरवून हवा भरून आणणारे काका मी बघितलेत. अण्णा एक वर्ष चुकले नाहीत. त्या फेरीची मागणी वेगळी आहे, बेळगाव महाराष्ट्रात जावं ही, १९५६ पासूनची आहे, तिच्याबद्दल इथं काही बोलत नाही. मी फक्त वाहनाकडं बघते. एवढी सायकली घेऊन निघणारी माणसं सायकलीसाठी म्हणून कधी निघाली नाहीत.

कुणासाठी निघायचं, असं विचाराल. वडगावातला मागावरचा कामगार अजून सायकलनं जातो. येळ्ळूरकडनं भाजी घेऊन येणारा माणूस जातो. आणि खेड्यापाड्यातली पोरं. २००६-०७ पासून सरकारी आणि अनुदानित हायस्कुलातल्या आठवीच्या मुलांना कर्नाटक सरकार सायकल देत होतं. खानापूरकडची माझी मामेबहीण त्या सायकलवरच दहावी झाली, नाहीतर जंगलातली वाट म्हणून सातवीतच घरी बसवली असती. कोविडच्या सुमारास त्या सायकली थांबल्या. किती जणांनी आवाज केला? मराठीवाल्यांनी नाही, कन्नडवाल्यांनी नाही. या एका बाबतीत दोघांची एकी आहे.

२०१६ च्या स्मार्ट सिटीच्या पहिल्याच यादीत आपलं गाव होतं. रस्ते गुळगुळीत झाले, छान. गुळगुळीत रस्त्यावर गाड्या आणखी जोरात जातात आणि कडेला जिथं सायकल जावी तिथं बुलेट लावलेली असते, समोर भजीचा गाडा. गाडेवाल्यावर राग नाही, त्याला पण जागा नाही. बुलेटवाल्यावर आहे.

अण्णांना सांगितलं, मी पुन्हा सायकलनं क्लासला जाणार. म्हणाले, "तिकडं पडलीस तर मोटारवाला सॉरी म्हणतोय. हितं पडलीस तर आधी तुलाच चार शिव्या, वर 'बाई माणसानं कशाला सायकल' म्हणतील." मग स्वतःच उठून माझ्या चाकांत हवा आहे काय बघायला गेले.

मला होवनरिंग नको. शाळा सुटायच्या वेळेला आरपीडी क्रॉसपासून दुसऱ्या रेल्वे गेटपर्यंत कडेची एक पट्टी मोकळी पाहिजे, गाड्या न लावलेली. ती किती रुंद निघू शकते हे मोजून, फोटोसकट अर्ज द्यायचा आहे. मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही. रविवारी सकाळी सात वाजता आरपीडी क्रॉसला या. सायकल कुठलीही चालेल. टेप आणि पंप माझ्याकडं आहे.