सही करतानाचं लग्न

परवा भाचीचा फोन आला. "मावशी, आम्ही दोघं पणजीत एकत्र राहतोच आहोत. दोघं कमावतो, भांडण झालं तर आमचं आम्ही मिटवतो. मग लग्न कशाला?" आवाजात राग नव्हता, ती मनापासून विचारत होती. लोक काय म्हणतील, हे उत्तर मी तिला दिलं नाही. लोकांसाठी लग्न करूच नये, असं माझं मत आहे.

मी तिला गोव्यातल्याच सावईवेरे गावच्या आत्याची हकिकत सांगितली. आत्याच्या यजमानांना कर्ज झालं आणि त्यांनी कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, विकायचं ठरवलं. गिऱ्हाईक आलं, इसारही घेतला. मग कळलं की आत्याच्या सहीशिवाय कागद होत नाही. कुळागर सासऱ्यांकडून आलेलं, आत्या माहेरून चार तांब्याची भांडी घेऊन आलेली. तरीही तिची सही हवीच. सोप्यावर सगळे बसलेले, कागद पुढ्यात. तिने पेनाचं टोपणसुद्धा काढलं नाही. "कर्ज आपण फेडूया, पण पोफळी विकायच्या नाहीत," एवढंच म्हणाली. इसार परत गेला. कर्ज फिटायला नऊ वर्षं लागली, आणि ती वर्षं दोघांनीही काढली.

ही ताकद तिला लग्नाने दिली. पोर्तुगिजांचा १८६७ चा नागरी कायदा गोव्यात १८७० पासून लागू झाला. १९६१ ला आपण मुक्त झालो तरी त्यातलं लग्न-वारशाचं सूत्र आपण टिकवलं. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर वडिलोपार्जित धरून सगळं दोघांचं, निम्मं निम्मं. काडीमोड झाला तरी तिचं निम्मं तिचंच. नुसतं एकत्र राहणाऱ्या बाईला मारहाणीपासून २००५ च्या घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याचा आधार आहे, पण कुळागराचं निम्मं तिला आपोआप मिळत नाही.

प्रेमाला कागद लागत नाही हे मलाही मान्य आहे. आजारपणात, कर्जात, म्हातारपणात मात्र लागतो. लग्न प्रत्येकाने करावंच असंही नाही, आणि जाच होत असेल तर त्यातून बाहेर पडलंच पाहिजे. पण करणार असाल तर काय करतो आहोत ते समजून करा. आपण हॉल, जेवण, फोटो यांवर लाखो घालतो आणि गोव्यात लग्न नोंदवताना रजिस्ट्रारसमोर दोनदा कराव्या लागणाऱ्या सह्या मुहूर्ताआधी उरकायचं काम समजतो. मला याचं फार वाईट वाटतं. किती बायका नवऱ्याने, भावाने बोट ठेवलं तिथे न वाचता सही करतात! मुलींनो, वाचा. समजलं नाही तर विचारा.

काल भाचीचा पुन्हा फोन आला. पहिल्या सहीला सोबत येशील का, म्हणाली. आणि आत्यालाही घेऊन ये. आत्या आता ८१ वर्षांची आहे, गुडघे दुखतात. तिने लगेच विचारलं, "किती वाजता निघायचं?"